घरच्या उन्हात, घरच्या व्होल्टेजवर: मराठवाड्याच्या वाचकासाठी मोबाइल, टीव्ही, कॅमेरा आणि प्रिंटर यांचे परीक्षण कसे करावे

परभणीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत मोबाइल वापरायला घ्यावा, म्हणजे त्याचे परीक्षण म्हणजे काय हे लवकर कळते. पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग रेंगाळते आणि बाहेर जाऊन चित्रीकरण सुरू केले, तर काही मिनिटांतच फोन तापल्याचा इशारा येऊन कॅमेरा बंद पडू शकतो. हाच फोन वातानुकूलित कार्यालयात तपासून लिहिलेल्या परीक्षणात यातले काहीच आढळत नाही. त्या परीक्षकाने खोटे लिहिलेले नसते. त्याच्या खोलीत जे घडले तेच त्याने लिहिलेले असते. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर वर्षातून एखादीच मोठी वस्तू घेणाऱ्या माणसाला मात्र ती आपल्या उन्हात, आपल्या व्होल्टेजवर आणि आपल्या लिपीत कशी चालते हे आधी कळायला हवे. असे परीक्षण कोणालाही करता येते आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शिस्त मात्र लागते. ती शिस्त टप्प्याटप्प्याने कशी पाळावी, हे या लेखात मांडले आहे.

वस्तू हाती येण्याआधी

पहिले काम वहीतले आहे. हे परीक्षण नेमके कोणासाठी आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणार्थ, ‘तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणाऱ्या, दिवसाला शंभर-दीडशे पाने छापणाऱ्या माणसासाठी प्रिंटर’, किंवा ‘वाडीवर राहणाऱ्या, गावात एकाच कंपनीची रेंज असलेल्या कुटुंबासाठी मोबाइल’. हे वाक्य लिहिले की कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, ते बहुतांशी ठरून जाते. ज्या प्रिंटरवर कोणी छायाचित्रे छापणार नाही, त्याच्या चकचकीत कागदावरील रंगांची दोन परिच्छेद चर्चा करण्यात वाचकाचा वेळ जातो.

दुसरा प्रश्न वस्तू कोणाकडून आली, हा आहे. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ साली सुरू झालेली संस्था चाचणीच्या वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे, ओळख न देता दुकानातून विकत घेते. कंपनीने परीक्षकाकडे पाठवलेला नग आणि दुकानातल्या फळीवरचा नग एकसारखे असतील याची खात्री नसते, हे त्यामागचे कारण आहे. प्रत्येकाला प्रत्येक वस्तू विकत घेणे परवडणार नाही. अशा वेळी नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने नुकतीच घेतलेली वस्तू दोन आठवडे मागून घेता येते आणि मला तो मार्ग कंपनीच्या नगापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. कंपनीने किंवा दुकानदाराने वस्तू फुकट दिली असेल, सवलत दिली असेल किंवा विक्रीवर दलाली मिळणार असेल, तर ते परीक्षणाच्या सुरुवातीलाच ठळकपणे लिहावे. हा केवळ सभ्यतेचा भाग राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातदाराशी असलेला असा संबंध शिफारस करणाऱ्याने उघड करणे बंधनकारक आहे.

आपल्या हाती एकच नग आहे, हेही लिहावे. एका नगात दिसलेला दोष त्या संपूर्ण मॉडेलचा असेलच असे नाही. शक्य असल्यास त्याच मॉडेलचा दुसरा नग वापरणाऱ्या व्यक्तीला गाठून तोच दोष तिकडेही आहे का, हे विचारून घ्यावे.

खोके उघडताना करायच्या नोंदी

खोके फोडण्याआधी बिलाचा आणि खोक्यावरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, उत्पादनाचा महिना, छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत या चार नोंदी अनिवार्य समजाव्यात. एकाच नावाच्या टीव्हीच्या मॉडेल क्रमांकात शेवटचे एखादे अक्षर बदलले की आतले पॅनेलही बदललेले असू शकते आणि मग आपल्या परीक्षणावर विसंबून घेतलेली वस्तू भलतीच निघते.

त्यानंतर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, चार्जर आणि पॉवर बँक यांना ही नोंदणी सक्तीची आहे आणि चिन्हाखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावे आहे ते दिसते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चार्जरचे परीक्षण करणाऱ्याने तर हीच चाचणी सर्वांत आधी घ्यावी.

मोबाइलवर *#०६# हा क्रमांक फिरवला की आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक दिसतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’, मग एक जागा सोडून तो आयएमईआय, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला तर हँडसेटची माहिती परत येते. जुना किंवा दुरुस्त केलेला फोन परीक्षणासाठी घेतला असेल, तेव्हा ही पायरी टाळू नये. *#०७# फिरवल्यावर ‘एसएआर’ मूल्य, म्हणजे फोनच्या रेडिओ लहरींतली किती ऊर्जा शरीरात शोषली जाते तो आकडा दिसतो; भारतात त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतींवर सरासरी १.६ वॅट प्रतिकिलो आहे. ते मूल्य मर्यादेच्या आत असल्याची एका ओळीत नोंद करून पुढे जावे.

वही आणि चार साधी साधने

साधनांवर फारसा खर्च करण्याची गरज नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा वॅट मीटर, खोलीचे तापमान दाखवणारा थर्मामीटर, शिंप्याचा टेप आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्यावर बहुतेक चाचण्या होतात. वॅट मीटर वीजवापरासोबत त्या क्षणाचे व्होल्टेजही दाखवतो. त्यामुळे उघड्या तारांना हात लावण्याचा धोका पत्करावा लागत नाही.

परिस्थितीची नोंद नसलेला आकडा कोणाच्याही कामाचा नसतो. ‘बॅटरी अकरा तास चालली’ या वाक्यातून वाचकाला काहीच ठरवता येत नाही. ‘खोलीचे तापमान ३९ अंश, पडद्याचा उजेड मध्यावर, विमान मोड सुरू, साठवलेला तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवला, तेव्हा बॅटरी अकरा तास चालली’ या वाक्यातून मात्र त्याला दुसऱ्या फोनशी तुलना करता येते. प्रत्येक मोजमाप किमान तीनदा घ्यावे आणि मधला आकडा लिहावा. तीन आकड्यांत मोठी तफावत आली, तर तफावत का आली हे शोधल्याशिवाय त्यातला कोणताही आकडा छापू नये. तुलनेसाठी आपल्याजवळ ओळखीचे एक जुने यंत्र कायम ठेवावे. नवा फोन तपासताना जुना फोनही त्याच मेजावर, त्याच वेळी, त्याच चाचणीत हवा. हवामान किंवा नेटवर्क बदलले तरी दोघांसाठी ते सारखेच बदलते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

मोबाइल: उष्णतेची चाचणी सर्वांत आधी

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ॲपल कंपनी आयफोनच्या वापरासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते आणि इतर फोनांची बॅटरीही त्याच लिथियम-आयन कुळातली आहे. ही बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापली असताना चार्ज केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणूनच फोनमधले नियंत्रण चार्जिंगचा वेग स्वतःहून कमी करते किंवा चार्जिंग थांबवते. हे संरक्षण आवश्यक आहे आणि त्याला दोष म्हणणे चूक ठरेल. मात्र ‘अर्ध्या तासात पूर्ण चार्ज’ या जाहिरातीचे आपल्याकडच्या दुपारी काय होते, हे वाचकाला कळलेच पाहिजे.

त्यासाठी एकच चाचणी दिवसातून दोनदा घ्यावी. पहाटे पाच वाजता आणि दुपारी अडीच वाजता, त्याच खोलीत, पंखा त्याच वेगावर ठेवून, फोन २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करावा आणि दोन्ही खेपांना किती मिनिटे लागली ते लिहावे. त्यानंतर सावलीत, पण घराबाहेर, सलग चित्रीकरण सुरू करून पहिला इशारा किती मिनिटांनी येतो ते पाहावे. तिसरी चाचणी भर उन्हातल्या पडद्याची आहे. फोन शेताच्या बांधावर नेऊन उजेड पूर्ण वाढवावा आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक वाचता येतो का, हे दहा मिनिटे तपासावे. पहिल्या मिनिटाला लख्ख दिसणारा पडदा आठव्या मिनिटाला उष्णतेमुळे मंदावतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. जाहिरातीत सांगितलेला सर्वाधिक उजेड आठव्या मिनिटाचा नसतो. चाचणीच्या वेळी फोन उन्हात तापलेल्या दगडावर किंवा गाडीच्या टपावर ठेवू नये, कारण त्या परिस्थितीत कोणताच फोन टिकणार नाही आणि आकडा निरुपयोगी ठरेल.

बॅटरीचे परीक्षण दोन प्रकारे करावे. वर सांगितल्याप्रमाणे विमान मोडमधला व्हिडिओ ही पहिली पद्धत, कारण तिच्यात नेटवर्कचा प्रभाव राहत नाही. दुसरी पद्धत म्हणजे आठवडाभराचा नेहमीचा वापर, आणि तो शहरात एकदा व रेंज कमकुवत असलेल्या गावात एकदा नोंदवावा. टॉवर दूर असला की फोन आपल्या प्रक्षेपणाची शक्ती वाढवतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातल्या, पाटोदा किंवा अंबाजोगाई तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर हा फरक स्पष्ट जाणवतो.

रेंजची तुलना पडद्यावरच्या दांड्या मोजून करू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. सेटिंग्जमध्ये सिमच्या स्थितीच्या पानावर सिग्नलचा आकडा डीबीएम या सिग्नलची ताकद मोजणाऱ्या एककात मिळतो. फोर-जीसाठी तो उणे ९० च्या आसपास असेल तर रेंज चांगली आणि उणे ११० च्या खाली गेला तर कमकुवत समजावी. तेच सिम आळीपाळीने दोन फोनमध्ये घालून, एकाच ओट्यावर बसून प्रत्येकी पाच नोंदी घ्याव्यात. भारतात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन कोणते पट्टे (वारंवारितांचे बँड) स्वीकारतो हे तपासताना ३३०० मेगाहर्ट्झचा एन-७८ आणि ७०० मेगाहर्ट्झचा एन-२८ हे दोन्ही पाहावेत. कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही अधिक आत पोहोचतात, त्यामुळे गावासाठी दुसरा पट्टा महत्त्वाचा ठरतो. मात्र तो आपल्या सिमची कंपनी वापरते की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

मराठीची चाचणी इंग्रजी किंवा हिंदी परीक्षणांत सहसा मिळत नाही, म्हणून ती आपणच मनापासून घ्यायला हवी. मी प्रत्येक फोनवर, टीव्हीवर आणि प्रिंटरवर एकच वाक्य तपासतो: ‘दुसऱ्या वऱ्हाडासोबत आलेल्या ॲडव्होकेटने कृष्णाकाठच्या वाळवंटात ज्ञानदृष्टीने शुद्ध लाह्या वाटल्या.’ या वाक्यात ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांतला अर्धा र, ‘ॲ’ हे अक्षर, ‘कृ’, ‘ष्णा’, ‘ज्ञ’, ‘दृ’, ‘द्ध’, ‘ह्या’ आणि ‘ळ’ एवढे सगळे येते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फाँटवर त्याच्या जागी आजही चौकोन दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची अक्षरे दिसतात की हिंदी वळणाची, हेही पाहावे. त्यानंतर हेच वाक्य फोनच्या कीबोर्डवर टाइप करायला किती वेळ लागतो आणि बोलून टाइप केल्यावर कितपत अचूक उतरते, ते नोंदवावे. बोलण्याची चाचणी प्रमाण मराठीपुरती ठेवू नये. लातूर-नांदेडकडचा माणूस ‘मी येऊलालो’, ‘काम करूलालो’ असे बोलतो आणि त्याचे बोलणे फोनला कळते की नाही, हे त्या माणसाच्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठे आहे.

धूळ आणि पाणी यांच्या बाबतीत आयपी क्रमांकाचा अर्थ वाचकाला समजावून सांगावा. पहिला आकडा ६ असेल तर धूळ आत जात नाही. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे फोन टिकतो आणि ८ असेल तर त्याहून कठीण, कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या अटींवर टिकतो. या चाचण्या नव्या यंत्रावर आणि गोड्या पाण्यात होतात, आणि पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत. मागून आणलेला फोन पाण्यात बुडवून पाहू नये. वॉरंटीच्या अटींतले संबंधित वाक्य वाचून त्याचा अर्थ परीक्षणात द्यावा.

साठवणुकीविषयी एक ओळ पुरेशी आहे. १२८ जीबी लिहिलेल्या फोनमध्ये संगणकाच्या हिशेबाने सुमारे ११९ जीबी असतात आणि त्यातूनही प्रणालीचा वाटा जातो. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्यावर प्रत्यक्ष मोकळी असलेली जागा लिहावी.

टीव्ही: उघडे दार, कूलर आणि लाइट येण्याचा क्षण

आमच्या शेजारी एका कुटुंबाने उत्तम परीक्षणे वाचून टीव्ही घेतला आणि दिवसा त्यात समोरच्या उघड्या दाराचे प्रतिबिंबच अधिक दिसू लागले. शोरूममध्ये आणि अंधाऱ्या चाचणी-खोलीत हा दोष कळत नाही. म्हणून टीव्ही बैठकीत, दार उघडे ठेवून, दुपारी बारा वाजता आणि पुन्हा रात्री दिवा मालवून पाहावा. दुपारी प्रतिबिंब तपासावे आणि रात्री काळा रंग किती काळा दिसतो ते पाहावे. बैठकीत माणसे समोर एका रांगेत बसत नाहीत. कोणी खाली सतरंजीवर असते, कोणी बाजूच्या दिवाणावर. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनेही रंग टिकवते, पण रात्री काळ्याच्या जागी राखाडी दिसते. टेपने अंतर मोजून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांतून तोच प्रसंग पाहून लिहावे.

चित्राच्या बाबतीत बहुतेक परीक्षक फोर-के नमुना चित्रफिती लावतात. आपल्याकडे अनेक घरांत डीडी फ्री डिशच्या छत्रीवरून एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या चित्राच्या वाहिन्या पाहिल्या जातात. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात; फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. याचा अर्थ मूळ एका बिंदूमागे टीव्हीला वीस बिंदू भरायचे असतात. हे काम स्वस्त टीव्ही फार वाईट करतात आणि मग घरच्यांना जुनाच टीव्ही बरा वाटू लागतो. सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्यांमध्ये खाली सरकणारी मराठी अक्षरपट्टी ही या चाचणीसाठी उत्तम सामग्री आहे. अक्षरांच्या कडा फाटतात का आणि सरकताना त्यांच्या मागे सावली राहते का, ते पाहावे. ‘एचडीआर’ (उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक दाखवणारे चित्र) असा शिक्का असला तरी तो फक्त तसा सिग्नल स्वीकारला जातो एवढेच सांगत असू शकतो. पडद्यात तेवढा उजेड नसेल तर दृश्यात फरक पडत नाही.

आवाजाची चाचणी उन्हाळ्यात कूलर सुरू ठेवून करावी. कीर्तनातले किंवा मालिकेतले संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी आवाज कितीवर न्यावा लागतो आणि त्या पातळीवर तो फाटतो का, एवढे पुरे.

विजेबाबत दोन नोंदी घ्याव्यात. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते आणि ती १०० ते २४० अशी रुंद असेल, तर कमी व्होल्टेजला टीव्ही सहसा तग धरतो. आपल्याकडे खरा धोका लाइट परत येतानाच्या झटक्याचा असतो. म्हणून संध्याकाळी पंप सुरू असतानाचे आणि मध्यरात्रीचे व्होल्टेज वॅट मीटरवर पाहून आपल्या गावची स्थिती लिहावी आणि हा झटका अडवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरचा खर्च किमतीत धरावा. वीजवापर युनिटमध्ये सांगावा. समजा टीव्ही ९० वॅट घेतो आणि रोज पाच तास चालतो, तर रोज ०.४५ युनिट आणि महिन्याला साडेतेरा युनिट होतात. स्टार लेबलवरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहावा.

कॅमेरा: पटका, मंडप आणि लेणी

कॅमेऱ्याच्या परीक्षणासाठी आपल्या भागाइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. भर दुपारी पांढरा पटका बांधलेल्या, उन्हाने रापलेल्या शेतकऱ्याचे छायाचित्र काढावे. पटक्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत आणि त्याच वेळी चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही दिसल्या पाहिजेत. कॅमेरा उजेडातला किती फरक सामावून घेतो, हे याहून नेमके सांगणारी चाचणी मला ठाऊक नाही. फुटलेल्या कापसाचे काळ्या मातीवरचे शेत हीच परीक्षा दुसऱ्या प्रकारे घेते. चेहऱ्याचा रंग कॅमेरा परस्पर उजळ करतो का, हेही अवश्य पाहावे आणि करत असेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्या माणसाला त्याचाच चेहरा परत मिळायला हवा.

कमी उजेडासाठी अजिंठा आहे. तिथे चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरण्यास बंदी आहे. त्यामुळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर कॅमेऱ्याला स्वतःच्या बळावर काम करावे लागते. हात स्थिर ठेवून कोणत्या शटर वेगापर्यंत छायाचित्र हलत नाही आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवल्यावर कोणत्या आकड्यापासून चित्रातले बारकावे दाणेदार होऊन हरवतात, या दोन सीमा लिहाव्यात. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. कैलास लेण्यात दुपारनंतर ऊन आणि गडद सावली एकाच चौकटीत येते, म्हणून तिथली चाचणी दुपारी तीननंतर घ्यावी. हलत्या वस्तूचा पाठलाग करणाऱ्या फोकसची परीक्षा घ्यायची असेल, तर हिवाळ्यात पैठणजवळ नाथसागराच्या काठी उडणारे पक्षी आहेत. सलग पन्नास छायाचित्रे घेऊन त्यांतली किती सुस्पष्ट आली, ते मोजावे.

लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारासाठी मंडपातल्या दिव्यांची चाचणी अत्यावश्यक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक एलईडी माळा आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरवर छायाचित्रात काळे-पिवळे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणल्यास साधारणपणे पट्टे जातात. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय आहे का आणि ती प्रत्यक्षात काम करते का, हे खऱ्या मंडपातच तपासावे.

मेगापिक्सेलचा बाऊ करू नये. अल्बमचे ८ गुणिले १२ इंचाचे पान इंचाला ३०० बिंदूंनी छापायला २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे ८.६ मेगापिक्सेल लागतात. तुलना करताना वेगवेगळ्या यंत्रांतली तीच चौकट स्टुडिओतून छापून घ्यावी, मागे फक्त क्रमांक लिहावा आणि यंत्राचे नाव न सांगता पाच-सहा जणांपुढे ठेवावी. नाव झाकले की मत बदलते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

प्रिंटर: शाईचा खरा हिशेब

गावोगावच्या सेवा केंद्रांवर सातबारा, आठ-अ, पीक विम्याच्या पावत्या, आधारच्या झेरॉक्स आणि शाळेचे दाखले छापण्याचे काम दिवसभर चालते. त्या दुकानदाराची कमाई पानामागे वाचणाऱ्या पैशांवर उभी असते. म्हणून प्रिंटरच्या परीक्षणात पानामागचा खर्च हा गाभा आहे आणि तो कंपनीच्या आकड्यावरून काढू नये.

कंपन्या शाईची क्षमता सांगतात ती आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणीची असते. इंकजेटसाठी आयएसओ/आयईसी २४७११ आणि काळ्या-पांढऱ्या लेझरसाठी १९७५२. त्या चाचण्यांत ठरावीक नमुना पाने सलग छापली जातात. आपल्याकडे मात्र तक्ते आणि रेघा असलेली पाने, आधारवरचा काळपट फोटो आणि मधूनमधून एकेक पान, असा वापर असतो. त्यामुळे आपल्या कामाचीच वीस पाने निवडून एक संच करावा आणि तोच प्रत्येक प्रिंटरवर वापरावा.

टाकीच्या प्रिंटरसाठी पुढची पद्धत अचूक आहे. पहिल्यांदा भरलेली शाई हिशेबात धरू नये, कारण तिचा काही भाग नळ्या आणि हेड भरण्यात जातो. शंभर पाने छापून झाल्यावर टाकी वरच्या रेघेपर्यंत भरावी. मग संच पंचवीस वेळा, म्हणजे पाचशे पाने, तीन-चार दिवसांत विभागून छापावीत. शाईची बाटली सराफाच्या काट्यावर वजन करून घ्यावी, टाकी पुन्हा त्याच रेघेपर्यंत भरावी आणि बाटलीचे पुन्हा वजन करावे. दोन वजनांतला फरक म्हणजे पाचशे पानांना लागलेली शाई. भरलेल्या व रिकाम्या बाटलीच्या वजनावरून बाटलीतली एकूण शाई कळते आणि त्यावरून एका बाटलीची पाने काढता येतात. समजा ५०० रुपयांची बाटली कंपनीच्या म्हणण्यानुसार ४००० पाने देते, तर पानाला साडेबारा पैसे पडतात. आपल्या चाचणीत तीच २८०० पानांवर संपत असेल, तर जवळजवळ अठरा पैसे पडतात. दिवसाला दीडशे पाने छापणाऱ्याला या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

उन्हाळ्यातली सुट्टी हीही एक चाचणी आहे. कोरड्या हवेत प्रिंटर आठ-दहा दिवस बंद ठेवावा, मग नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) तपासणीचे पान छापावे आणि रेघा तुटल्या असतील तर हेड किती वेळा साफ करावे लागते ते मोजावे. प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती आतल्या शोषक पॅडमध्ये साठते. हे पॅड भरले की प्रिंटर थांबतो. ते ग्राहकाला स्वतः बदलता येते की सेवा केंद्रात न्यावे लागते, हे विचारून लिहावे. पावसाळ्यात उलट अडचण येते. दमट कागद वळतो आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. ७० आणि ८० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) असे दोन्ही कागद वापरून शंभर पानांमागे किती वेळा कागद अडकतो, याची नोंद ठेवावी.

छापलेल्या सातबाऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवावे. डाय प्रकारची (विरघळलेल्या रंगाची) शाई लगेच पसरते, पिगमेंट (रंगाच्या बारीक कणांची) शाई बऱ्यापैकी टिकते आणि लेझरचा टोनर पसरत नाही. पावसात पिशवीतून कागद नेणाऱ्या माणसासाठी ही दहा सेकंदांची चाचणी फार मोलाची आहे.

लेझर प्रिंटर घेणाऱ्याला विजेची गोष्ट ठळकपणे सांगितलीच पाहिजे. टोनर कागदावर वितळवून बसवणारा रूळ साधारण २०० अंशांच्या घरात तापवावा लागतो. त्या क्षणी यंत्र कित्येकशे वॅट आणि काही वेळा हजारापर्यंत ओढते. लहान इन्व्हर्टर तेवढ्याने बंद पडतो आणि अनेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका असे सांगतात. टाकीचा इंकजेट छापताना दहा-वीस वॅटवर चालतो. जिथे दिवसाचे काही तास लाइट नसते, तिथे हा फरक वेग आणि सुबकता यांच्या आधी येतो. परीक्षकाने छपाई सुरू असताना वॅट मीटरवरचा सर्वांत मोठा आकडा टिपावा, म्हणजे वाचकाला आपल्या इन्व्हर्टरशी तो जुळवता येईल.

दुरुस्तीचे अंतर आणि लेखनाची पद्धत

सेवा केंद्राचा पत्ता कंपनीच्या यादीवरून उतरवून घेऊ नये. तिथे फोन करावा किंवा स्वतः जावे. किनवटच्या ग्राहकाला नांदेड गाठायला शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते, तर बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या ग्राहकाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. पडदा, बॅटरी आणि प्रिंट हेड या तीन भागांची किंमत आणि ते मिळायला लागणारे दिवस विचारून परीक्षणात द्यावेत. एकदा माझ्याकडचा प्रिंटर एका केंद्रात एक साधा सुटा भाग नसल्याने पाच आठवडे पडून होता. तेव्हापासून हा प्रश्न मी खरेदीच्या आधीच विचारतो.

लिहिताना वस्तूचे गुणदोष आणि विक्रेत्याचे वर्तन वेगळे ठेवावे. घरपोच यायला उशीर झाला किंवा खोके चेपलेले आले, तर ती तक्रार विक्रेत्याविषयी आहे. त्यासाठी टीव्हीचे गुण कापू नयेत. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक २०२२ साली आणले, त्याचा रोख परीक्षण खरे असावे आणि ते देणाऱ्याची पडताळणी व्हावी यावरच आहे. पाचपैकी तारे देण्याची पद्धत मला अपुरी वाटते. त्याऐवजी ही वस्तू कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये आणि त्याच किमतीत आणखी कशाचा विचार करावा, अशी तीन स्पष्ट वाक्ये आरंभी द्यावीत आणि आकडे त्यांच्या खाली द्यावेत. दोष लिहिताना तो कोणत्या परिस्थितीत, किती वेळा दिसला ते सांगावे आणि शक्य असल्यास कंपनीला विचारून तिचे उत्तरही द्यावे. वस्तू सदोष निघून दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वाचकाला द्यावा.

पहिले परीक्षण दोन आठवड्यांच्या वापरानंतर लिहावे. त्यात चाचणीच्या तारखा आणि त्या वेळी यंत्रात असलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नमूद करावी, कारण एका अद्ययावतीकरणाने बॅटरी किंवा कॅमेरा बदलू शकतो. त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच चाचण्या पुन्हा घ्याव्यात. उन्हाळ्यात घेतलेला फोन असेल, तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा २० वरून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करावा, चार्जिंगच्या खाचेत सुगीची धूळ बसून केबल सैल झाली आहे का ते पाहावे आणि विमान मोडमधला तोच व्हिडिओ पुन्हा चालवावा. प्रिंटर असेल तर पाचशे पानांचा संच पुन्हा छापावा. नवे आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी, तारखेसह लिहावेत आणि जुने आकडे पुसू नयेत.